देवीचा शेवटचा रुग्ण कोण? नववीच्या वर्गाला शोध घ्यायला शिकवतानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका माध्यमिक शाळेतल्या नववीच्या वर्गाची ही हकिकत आहे. शाळा, शिक्षक किंवा मुलं ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत, घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी तेव्हा त्या शाळेची ग्रंथपाल होते.

इतिहासाच्या बाई आणि विज्ञानाचे सर यांनी मिळून एक प्रकल्प आखला होता: 'माणसाने देवीचा रोग कसा संपवला?' विषय विचारपूर्वक निवडलेला होता. एडवर्ड जेन्नरने 1796 साली केलेला लशीचा प्रयोग, जागतिक आरोग्य संघटनेने 1967 साली जोमाने हाती घेतलेली निर्मूलन मोहीम आणि 1980 सालची रोगमुक्तीची घोषणा, अशी या कहाणीला सुरुवात आहे आणि शेवटही आहे. शिवाय माहिती उदंड. मुलांनी इंटरनेट आणि शाळेचं ग्रंथालय वापरून निबंध लिहायचा आणि खाली संदर्भ द्यायचे, एवढीच सूचना कागदावर होती. ग्रंथालयात गोष्टींची पुस्तकं भरपूर होती, संदर्भग्रंथांचं कपाट एक, संगणक मोजकेच.

अडचण

निबंध आले, बाईंनी तपासायला घेतले आणि काही वह्या उलटून त्या माझ्याकडेच आल्या. पहिला परिच्छेद बहुतेक वह्यांत एकच होता, स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. संदर्भ म्हणून मुलांनी 'गुगल' किंवा 'इंटरनेट' असं लिहिलं होतं. पत्र कोणाचं आलंय असं विचारल्यावर पोस्टमनचं नाव सांगावं, तसं.

एका निबंधाखाली मात्र नेटकी संदर्भयादी होती. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, सगळं जागच्या जागी. त्यातलं एक पुस्तक मला वाचावंसं वाटलं म्हणून शोधलं. आमच्या तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या नोंदयादीत, ते नव्हतं. जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित तालिका म्हणजे वर्ल्डकॅट, तिथेही नव्हतं. त्या लेखकाच्या नावावर असं पुस्तक कुठेच सापडेना. मुलीला विचारलं तेव्हा कळलं की तिने चॅटबॉटला संदर्भ मागितले होते आणि त्याने रचून दिले होते. आपण काही गैर केलंय असं तिला वाटलंही नव्हतं. इतरांनी नुसतं 'गुगल' लिहिलं, आपण निदान यादी तरी केली, असंच ती धरून चालली होती.

मुलं आळशी झाली आहेत, असं स्टाफरूममध्ये म्हटलं गेलं. मला ते पटेना. पुढच्या तासाला काही मुलांच्या शेजारी बसून मी नुसतं पाहत राहिले. प्रकल्पाचं अख्खं शीर्षक प्रश्नचिन्हासकट शोधचौकटीत टाकायचं. सगळ्यात वरचं पान उघडायचं. शीर्षकातले शब्द ज्या वाक्यात दिसतील ते वाक्य, त्याच्या मागचं-पुढचं उतरवून घ्यायचं आणि पान बंद. ते पान कोणाचं, कोणी लिहिलं, कधी लिहिलं, याकडे एकाचंही लक्ष गेलं नाही.

ग्रंथालयातही तीच रीत. "देवीवरचं पुस्तक आहे का?" नाही म्हटलं की मुलं परत जात. वास्तविक ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकांना विषयानुसार आकडे देण्याच्या पद्धतीत, हा विषय एका जागी बसतच नाही. सार्वजनिक आरोग्य 614 मध्ये, रोग आणि उपचार 616 मध्ये, विषाणू 579 मध्ये, विज्ञानाचा इतिहास 509 मध्ये आणि जेन्नरचं चरित्र चरित्रांच्या कपाटात. सगळीकडे थोडंथोडं मिळतं, पण त्यासाठी पुस्तकाच्या शेवटची सूची उघडून नेमकी पानं काढावी लागतात. ही सूची कशासाठी असते, हे या मुलांना कोणी दाखवलंच नव्हतं.

मुलांच्या हातात प्रश्न नव्हता, शीर्षक होतं. शीर्षकाशी जुळणारं काहीही मिळालं की त्यांच्या लेखी काम संपत होतं.

समोरचे पर्याय

मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. बाईंचं म्हणणं होतं की उतरवून काढणाऱ्यांना शून्य द्यावं आणि निबंध पुन्हा लिहून घ्यावा. त्यांचा संताप रास्तच होता, पण पुन्हा लिहिताना मुलं चार शब्द इकडचे तिकडे करतील, यापलीकडे काही होण्याची चिन्हं नव्हती. सरांना वाटत होतं की विश्वासार्ह संकेतस्थळांची एक यादी द्यावी आणि तेवढ्यातच शोधायला सांगावं. त्यात वेळ वाचला असता. मात्र पारख करायचं काम आम्हीच उरकून टाकलं असतं, आणि शाळेबाहेर मुलांच्या हातात अशी यादी कोण देणार?

मुख्याध्यापकांनी सुचवलं, या प्रकल्पापुरतं इंटरनेट बंद, फक्त पुस्तकं. ग्रंथपाल म्हणून मी याला होकार देईन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विरोध केला. छापलेलं ते खरं, हा समज मुलांमध्ये आधीच घट्ट होता, तो आणखी पक्का झाला असता. आणि आमच्या कपाटातली आरोग्यावरची बरीच पुस्तकं जुनाट होती.

चौथा पर्याय महागडा होता. तोच विषय पुन्हा घ्यायचा, पण या वेळी शोध कसा घ्यायचा हेच शिकवायचं, तेही वर्गाच्या तासात. घटक चाचणी तोंडावर आली होती, त्यामुळे तास देणं सोपं नव्हतं. शेवटी बाईंनी आपले काही तास दिले, सरांनी प्रकल्पाचे दिले आणि ग्रंथालयाचा तास होताच. विषय बदलावा का, यावर थोडी चर्चा झाली. आम्ही बदलला नाही. बहुतेकांनी तोच परिच्छेद उतरवलेला असल्यामुळे वर्गाला निदान सारखी पूर्वपीठिका तरी मिळाली होती.

पहिला निर्णय: शीर्षक काढून घेणं

पहिल्या तासाला संगणक बंद ठेवले. प्रत्येक गटाने स्वतःचा प्रश्न तयार करायचा होता, आणि अट एकच: एका पानावर ज्याचं पूर्ण उत्तर मिळतं तो प्रश्न चालणार नाही. आधी आले ते प्रश्न 'लस कोणी शोधली?' अशा धर्तीचे. त्यावर एका मुलाने हात वर केला. त्याने पहिल्या फेरीत कुठेतरी बेंजामिन जेस्टी या इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचं नाव वाचलं होतं. जेस्टीने 1774 साली, म्हणजे जेन्नरच्या प्रयोगाच्या 22 वर्षं आधी, आपल्या बायकोला आणि दोन मुलांना गोस्तनदेवीचा, म्हणजे गायींना होणाऱ्या देवीसारख्या सौम्य रोगाचा, अंश टोचला होता. हे नाव त्याने निबंधात घातलं नव्हतं, कारण बाकीच्यांच्या निबंधात ते नव्हतं. त्या गटाचा प्रश्न तिथल्या तिथे बदलला: आधी जेस्टीने टोचलं, तर श्रेय जेन्नरला का मिळालं?

मग वर्ग खुलला. सगळ्या जगाला लस न टोचता रोग कसा संपला? हा एक रोग संपला, मग बाकीचे का संपत नाहीत? तास संपेपर्यंत कोणाच्याही वहीत निबंधाची एक ओळ नव्हती, त्यामुळे सर अस्वस्थ होते. माझ्या मते संपूर्ण प्रकल्पात सगळ्यात जास्त फळ याच तासाने दिलं. 'सगळ्यांना लस न टोचता' हा प्रश्न घेतलेला गट पुढे शोधशब्द बदलत बदलत रुग्ण हुडकून त्याच्याभोवतीच्या माणसांना लस टोचण्याच्या पद्धतीपर्यंत आपणहून पोचला. हातात मूळ शीर्षक असतं तर तो पहिल्याच पानावर थांबला असता.

दुसरा निर्णय: पानात की पानाबाहेर

एखादं संकेतस्थळ विश्वासार्ह आहे का, हे ठरवायला शाळांमध्ये सहसा निकषांची यादी देतात. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या ग्रंथपालांनी 2004 साली मांडलेली यादी बरीच वापरली जाते: मजकूर ताजा आहे का, विषयाशी संबंध आहे का, लेखकाचा अधिकार काय, मजकूर अचूक आहे का, हेतू काय. निकष चांगले आहेत. अडचण अशी की उत्तरं शोधायला मुलं त्याच पानात डोकं घालून बसतात, आणि फसवं पान स्वतःबद्दल चांगलंच सांगणार.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 10 इतिहासकार, 10 व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि 25 विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी पान वरपासून खालपर्यंत वाचत राहिले आणि बोधचिन्ह, मांडणी असल्या गोष्टींना भुलले. तथ्यतपासनीस पानावर जेमतेम टेकत आणि लगेच नवे टॅब उघडून या संस्थेबद्दल दुसरे काय म्हणतात ते बघत. कमी वाचून ते अधिक अचूक निष्कर्षाला आले.

आम्ही हीच रीत शिकवायची ठरवली. प्रोजेक्टरवर लशींबद्दलचं एक पान लावलं. संस्थेचं नाव भारदस्त, खाली तळटिपा, पांढऱ्या कोटातल्या माणसांची छायाचित्रं. वर्गाने एकमुखाने कौल दिला: विश्वासार्ह. कारण विचारलं तर एक जण म्हणाला, पत्त्याच्या शेवटी 'डॉट ओआरजी' आहे. तो पत्ता कोणालाही नोंदवता येतो हे ऐकून वर्ग चकितच झाला. मग संस्थेचं नाव दुसऱ्या टॅबमध्ये टाकलं, आणि दोन-तीन पानांतच दिसलं की ती लसविरोधी प्रचार करणारी संस्था आहे. मूळ पानावरचा मजकूर आम्ही अजून नीट वाचलाही नव्हता.

विकिपीडियाचा निर्णयही याच तासात झाला. बंदी घातली नाही. सुरुवात तिथून करायची, लेखाच्या तळाशी दिलेल्या संदर्भांपैकी निदान एक उघडून वाचायचा आणि निबंधात तो संदर्भ द्यायचा. चॅटबॉटला नियम तसाच: शोधशब्द सुचवायला चालेल, पण त्याने सांगितलेलं पुस्तक तालिकेत आणि लेख प्रत्यक्ष उघडून दिसल्याशिवाय यादीत घालायचं नाही.

तिसरा निर्णय: उत्तर न सांगणं

एका गटाचा प्रश्न साधा होता, देवीचा जगातला शेवटचा रुग्ण कोण? एका पानावर एकच नाव मिळेल म्हणून आम्ही तो नाकारणार होतो, पण गट हट्टाला पेटला. थोड्याच वेळात तीन टॅब आणि तीन नावं. 1975, रहिमा बानू, बांगलादेश. 1977, अली माओ मालिन, सोमालिया. 1978, जॅनेट पार्कर, बर्मिंगहॅम.

गटाची पहिली प्रतिक्रिया होती की दोन पानं खोटी आहेत. दुसरी अशी की जास्त पानांवर जे नाव असेल ते खरं धरावं. मोजणी सुरूसुद्धा झाली. सरांना उत्तर माहीत होतं आणि ते सांगायला पुढेही आले होते. मी त्यांना खुणेने थांबवलं. तिथे उत्तर दिलं असतं तर मुलांनी ते उतरवून घेतलं असतं आणि गुगलच्या जागी 'सर' असा संदर्भ दिला असता.

मी एवढंच सांगितलं: तिन्ही पानांवरचं ते पूर्ण वाक्य वहीत एकाखाली एक लिहा, एकही शब्द न गाळता. लिहिता लिहिता एका मुलीने पेन थांबवलं. "मॅडम, इथे 'नैसर्गिकरीत्या' असं आहे. तिथे नाहीये." मग बाकीचे शब्द दिसू लागले. रहिमा बानू ही भोला बेटावरची लहान मुलगी, देवीच्या तीव्र प्रकाराची, म्हणजे व्हरायोला मेजरची, नैसर्गिकरीत्या लागण झालेली शेवटची रुग्ण. मालिन हे मेर्का गावातल्या इस्पितळातले स्वयंपाकी. त्यांना सौम्य प्रकार झाला, आणि नैसर्गिकरीत्या देवी झालेले ते जगातले शेवटचे. पार्कर या वैद्यकीय छायाचित्रकार. त्या काम करत त्याच इमारतीत देवीच्या विषाणूवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. त्यांचा मृत्यू झाला, आणि विषाणू त्यांच्यापर्यंत नेमका कसा पोचला यावर पुढेही वाद राहिला. तिन्ही पानं बरोबर होती. 'शेवटचा' म्हणताना प्रत्येकाने अट वेगळी घातली होती.

गट तिथे थांबला नाही. काही ठिकाणी निर्मूलनाचं वर्ष 1979 आणि काही ठिकाणी 1980 का, हे त्यांनी आमच्या मदतीशिवाय उलगडलं. तज्ज्ञांच्या आयोगाने डिसेंबर 1979 मध्ये प्रमाणपत्रावर सह्या केल्या आणि जागतिक आरोग्य सभेने 8 मे 1980 रोजी घोषणा केली. शेवटच्या रुग्णानंतर दोन वर्षं कसून शोध चालू ठेवायचा दंडक होता, म्हणून 1977 नंतर इतका काळ गेला, हेही त्यांना सापडलं. दोन स्रोत भांडताना दिसले की आता हा गट खुश होत असे. वर्गात हे पसरलं. दुसऱ्या एका गटाने विसाव्या शतकातल्या देवीच्या बळींचे दोन आकडे समोर आणले, एका पानावर 30 कोटी आणि दुसऱ्यावर 3 कोटी. मूळ इंग्रजी मजकुरापर्यंत मागे गेल्यावर कळलं की 300 दशलक्षाचे कोटी करताना एका पानाने शून्य खाल्लं होतं.

कपाटातलं जुनं पुस्तक

सूची पाहायला शिकल्यावर एका मुलाने संदर्भाच्या कपाटातून आरोग्यावरचा एक जाडजूड ग्रंथ काढला. त्यात देवी हा चालू रोग म्हणून दिला होता, लस घेण्याच्या सूचनांसकट. "हे पुस्तक चुकीचं आहे, काढून टाका," असं म्हणत तो ते टेबलावर घेऊन आला. शीर्षकपानाची मागची बाजू उघडायला सांगितली. छपाई सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची.

रोग कधी संपला, या प्रश्नाला ते पुस्तक निरुपयोगीच होतं. पण रोग जिवंत असताना घरोघरी लोकांना काय सांगितलं जायचं, या प्रश्नाला त्याच्याइतका चांगला साक्षीदार आमच्याकडे दुसरा नव्हता, आणि इंटरनेटवरच्या आजच्या कोणत्याही पानावर तो सूर मिळाला नसता. त्या मुलाने आपला प्रश्नच बदलला आणि ते पुस्तक मुख्य स्रोत म्हणून घेतलं. एकच पुस्तक एका प्रश्नाला टाकाऊ आणि दुसऱ्याला अस्सल साधन ठरतं, हे मी फळ्यावर लिहून कधीच इतकं पोचवू शकले नसते.

गुण कशाला द्यायचे

शोधाची नोंदवही ठेवायला सांगितली होती: कोणते शब्द टाकले, काय उघडलं, काय नाकारलं आणि का, नवा प्रश्न कोणता पडला. निम्मे गुण वहीला द्यावेत असा माझा आग्रह होता. बाई आधी राजी नव्हत्या, कारण पालक निबंध बघतात. अखेर त्यांनी मान्य केलं. 'नाकारलं' हा रकाना सगळ्यात बोलका निघाला. ज्यांनी तो मन लावून भरला, त्यांच्या निबंधात उतरवून काढलेली वाक्यं क्वचितच सापडली.

निष्पत्ती

निबंध पहिल्यापेक्षा आखूड आले, काही तर अर्धवटच राहिले. पण एकासारखा दुसरा नव्हता. संदर्भयादीत 'गुगल' फारसा दिसेना, पानांची नावं आणि पुस्तकांची प्रकाशनवर्षं दिसू लागली. रचलेल्या पुस्तकाचा संदर्भ देणारी मुलगी पुढे वर्गाच्या संदर्भयाद्या तपासायला आपणहून माझ्यासोबत बसली आणि तिची नजर माझ्यापेक्षा तिखट निघाली.

सगळं सुरळीत झालं नाही. एका मुलाने दुसऱ्यांदाही जसंच्या तसं उतरवलं आणि नोंदवही नंतर एका बैठकीत भरली. त्याच्या 'नाकारलं' रकान्यात काहीच नव्हतं. बाई त्याच्याजवळ बसल्या तेव्हा लक्षात आलं की त्याला मजकूर समजत होता, पण तो स्वतःच्या शब्दांत मांडता येत नव्हता. छापील भाषेसमोर आपली भाषा त्याला ओबडधोबड वाटायची. पान बंद करून तोंडी सांग आणि सांगितलंस तसंच लिही, असं करत त्याने दीड पान लिहिलं. बाईंनी त्याला पहिल्या निबंधापेक्षा जास्त गुण दिले, आणि ते योग्यच होते.

वर्षभरानंतर किती मुलांच्या अंगी हे टिकलं, याचं आम्ही मोजमाप केलं नाही.

पुन्हा करायचं तर

तोंडी सांगण्याचा भाग सगळ्यांसाठी आणि सुरुवातीपासून ठेवावा. उतरवून काढण्याकडे आम्ही प्रामाणिकपणाचा प्रश्न म्हणून पाहत होतो. अनेकांच्या बाबतीत तो भाषेचा प्रश्न होता आणि त्यावरचा उपाय भाषेच्या तासातला आहे. मराठीच्या शिक्षकांना या प्रकल्पात आणायलाच हवं.

पुस्तकं आणि इंटरनेट वेगवेगळ्या तासांना ठेवण्यापेक्षा एकाच टेबलावर ठेवावीत. जुन्या ग्रंथाचा आणि पडद्यावरच्या पानाचा सामना योगायोगाने झाला, तो मुद्दाम घडवून आणता येतो. आधी शिक्षकांनी असा एखादा वाद शोधून ठेवावा. जवळपास कोणत्याही विषयात 'पहिला', 'शेवटचा' किंवा 'सर्वांत मोठा' यांपैकी एका शब्दाभोवती तो मिळतो.

सगळ्यात अवघड राहिला तो भाषेचा अडसर. निर्मूलन मोहिमेचा जागतिक आरोग्य संघटनेने 1988 साली प्रसिद्ध केलेला सविस्तर इतिहास इंटरनेटवर फुकट वाचता येतो, पण इंग्रजीत. मराठीत हाताशी लागतं ते बहुतेक त्याच्या सारांशाचा सारांश, आणि शून्य नेमकं तिथेच गळतं. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं तर मजकूर साधारण कळतो, पण आकडे, नावं आणि 'नैसर्गिकरीत्या' असे निर्णायक शब्द मूळ पानावर जाऊन पडताळावे लागतात. पुढच्या खेपेला एक अख्खा तास मी यालाच देईन: मूळ इंग्रजी परिच्छेद एका बाजूला, त्यावरून लिहिलेलं मराठी पान दुसऱ्या बाजूला, आणि काय गळलं ते मुलांनी हुडकायचं.